बैलानं खाल्लेली भिंत

२२ नोव्हेंबर १९७०, रविवार

आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, रोज दोन ओळी लिहा." म्हणजे मी पहाटे उठायचं, भाकरी थापायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरू लागायची, आणि अंग मोडून आल्यावर ह्याच्या भिंतीला आज काय झालं ते लिहायचं. भिंतीला काय होणार? भिंत उभी आहे. झालं लिहून.

हा कारखान्याचा केमिस्ट. रंगनाथ नाव, नगरचा. अंगात मूठभर मांस नाही, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि चाल अशी की पावलागणिक जमिनीची माफी मागतोय. साखर किती गोड झाली ते तपासायचं ह्याचं काम. ते सोडून हा आमच्या अड्ड्यावर भिंती घेऊन आला. आम्ही पाथर्डीकडचे ऊसतोडे. दरसाल कारखाना बांबू आणि कामट्यांच्या विणलेल्या तट्ट्या देतो, त्याच्या आम्ही राहायला कोप्या घालतो आणि वर पाचट टाकतो. यंदा ह्यानं चार तट्ट्यांना दोन्ही अंगांनी काळपट राड फासून आणली आणि म्हणाला, ही तट्टी पेटणार नाही. आणि अड्ड्यावर लिहिता येणारी बाई मी एकटी, दुसरी पास, म्हणून त्या चारी तट्ट्या माझ्या कोपीला. तारीख कारखान्याचा चिटबॉय गाडीमागं देतो त्या चिठ्ठीवरून बघून टाकायची म्हणे.

दुसरं कारण ठकीचा पाय. ठकी माझी नात. गेल्या साली ह्याच जागेवर आम्ही फडात असताना चुलीतला निखारा पाचटाला लागला आणि कोपी कापसासारखी गेली. शेजारच्या भामाबाईनं झोळी ओढून काढली म्हणून पोर राहिली. डावा पाय गुडघ्यापर्यंत अजून वाळल्या वांग्यासारखा. केमिस्ट येतो तेव्हा त्या पायाकडं बघतो आणि चष्मा पुसत बसतो. नाटकं नुसती.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आज विचारलंच, की ह्या राडीत आहे तरी काय. चिंचोक्याचं पीठ, कारखान्याची मळी आणि सोसायटीतली दोन खतं, त्यातलं एक युरिया. म्हटलं, भिंत पेरायची आहे का? अड्डा हसला. हा पण हसला, उशिरा.

मग म्हणाला, चिंचोक्याच्या पिठात लांबच लांब साखळ्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. आग आली की खत त्या साखळ्यांचा कोळसा करतं, कोळसा पापडासारखा फुगतो आणि मागच्या बांबूला झळ लागू देत नाही. मुंबईला प्लास्टिकात घालायची दुसरी औषधं मिळतात, ती आग अडवतात, पण धूर असा सोडतात की माणूस जळायच्या आधी गुदमरतो. ह्याला असं पाहिजे की जे आग अडवेल, धुरानं मारणार नाही, आणि गावातल्या गावात शिजवता येईल.

न दिसणाऱ्या साखळ्यांनी न लागलेली आग बांधणार. असले बुवा आमच्याकडं जत्रेत येतात. निदान ते नारळ तरी मागतात.

खरं-खोटं करायला त्यानं एक तुकडा हातात धरला आणि खालून पेटतं चिपाड लावलं. तुकडा फुगला खरा, काळा, फोडाफोडांचा. पेटला नाही. ह्याची बोटं मात्र भाजली. जुनेही डाग होते हातावर, कोपरापर्यंत. मी बघितलं तसा नव्या जावयासारखा हात बाहीत ओढून घेतला. स्वतःचा हात सांभाळता येत नाही तो माझी कोपी सांभाळणार.

६ डिसेंबर, रविवार

आमची सून चांगुणा म्हणजे दगड. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला बघते. ठकीची झोळी मी दाराशी बांधली होती, वाऱ्याला. परत आले तर झोळी आत, काळ्या तट्टीच्या कोपऱ्यात. मी पुन्हा दाराशी आणली.

७ डिसेंबर

झोळी पुन्हा कोपऱ्यात. विचारलं तर म्हणे, "आत्याबाई, दाराशी गार लागतं." ह्या पोरीला माझ्याशी भांडायची हिंमत नाही म्हणून झोळीशी खेळते.

२४ डिसेंबर, गुरुवार

बरेच दिवस लिहिलं नाही. ऊस संपत नाही आणि भिंतीला काही होत नाही.

आता झालंय. पहाटेचं दव पडून पडून तट्टी चिकट झाली आणि बाहेरून पांढरं फुललं, मिठागत. भामाबाईची शेळी येऊन चाटत होती. आम्ही बाया पोट धरून हसलो. म्हटलं, केमिस्टनं भिंत केली नाही, शेळीचं लोणचं घातलंय.

तो आल्यावर सांगितलं, तुमच्या भिंतीला घाम येतो. त्याचं तोंड उतरलं. नखानं पांढरं खरवडून पुडीत बांधलं आणि म्हणाला, "औषध धुऊन चाललंय, मावशी. ह्याच्यावर कातडं पाहिजे." शेळीचं सांगितलं ते त्यानं ऐकलं का नाही कोण जाणे. पुडीच बघत बसला. मीही पुन्हा सांगितलं नाही, मला भाकरी करायच्या होत्या.

१३ जानेवारी १९७१, बुधवार, भोगी

सणासुदीला काळी भिंत बघवेना, मयताच्या घरासारखी. चुना कालवला आणि मारला एक हात. मारताक्षणी असला वास सुटला की बैलांच्या मुताचं डबकं बरं. डोळ्यांतून धारा. आमचे मालक, सहादेव त्यांचं नाव, जेवता जेवता ताट घेऊन बाहेर पळाले. मालक पळाले असं लग्नापासून मी पहिल्यांदा बघितलं.

केमिस्ट सायकल टाकून धावत आला. "चुना नका लावू, मावशी, चुन्यानं खतातला वायू सुटतो." हे आधी सांगायला काय तोंडाला कुलूप होतं? भोगी आली की बाई भिंतीला चुना लावणार, एवढं नगरच्या माणसाला कळू नये? मग स्वतःच पाण्यानं चुना धूत बसला. बाजरीची भाकरी आणि तीळ दिले. चार घासात संपवलं. घरी कुणी करून घालत नसावं.

२२ जानेवारी, शुक्रवार

थंडी हाडात शिरते. शेजारच्यांचा मारका बैल आमच्या पाखऱ्याला शिंग लावतो, म्हणून मी पाखऱ्याचा खुंटा उपटून मागच्या अंगाला, तट्टीच्या आडोशाला ठोकला. वाराही लागत नाही आणि भांडणही नाही. मालक म्हणाले, "तिथं त्यो लई हुंगतोय." म्हटलं, हुंगू द्या, गोड वास येतो मळीचा. बैलानं जन्मभर ऊस ओढला, वासाचा तरी धनी होऊ दे.

२८ जानेवारी, गुरुवार

पाखऱ्या गेला. काल. काल लिहायला हात धजला नाही.

परवा कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग तुंबली होती. बैल रांगेत उपाशी उभे. सोपान, माझा लेक, गाडी रिकामी करून आला तो अंधार पडल्यावर. बैलांना उसाचं वाढं आणायला कुणात त्राण नव्हतं. सकाळी घालू म्हटलं.

पहाटे उठून बघते तर मागची भिंत शिंगाच्या उंचीपर्यंत चाटून, ओरबाडून खाल्लेली, बांबू पांढरा दिसतोय. आणि पाखऱ्या चार पायांवर थरथरतोय. तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं. मालकांनी अंग चोळलं. सोपान ढोरांच्या डॉक्टरकडं पळाला. डॉक्टर आला तोवर बैल आडवा झाला होता. त्यानं बैलाचं तोंड हुंगलं, भिंत बघितली, विचारलं काय आहे हिच्यात. मग म्हणाला, उपाशी पोटी एवढा युरिया गेल्यावर काय राहणार. लगेच आंबट पाजलं असतं तर कदाचित. मेल्यावर सगळेच डॉक्टर हुशार असतात.

मालकांनी पाखऱ्याच्या गळ्यातली घंटी सोडली, पुसली आणि बंडीच्या खिशात घातली. दिवसभर चालताना खिसा वाजत होता.

भामाबाईनं सगळ्यांपुढं विचारलं, "त्याला त्या बाजूला बांधला कुनी?" म्हटलं, तू तुझी शेळी सांभाळ.

केमिस्टनं मारला माझा बैल.

३० जानेवारी, शनिवार

चारी तट्ट्या मी माझ्या हातानं उचकटल्या. दोन ओढ्यात टाकल्या. एकीचे कोयत्यानं तुकडे केले. चौथी चांगुणानं उचलून गाडीखाली सरकवली, म्हणे चिखलात पाय द्यायला होईल. असल्या वेळी हिला पायाची पडलीय.

केमिस्ट आला. मी बोलायला तोंड भरून ठेवलं होतं, पण तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला, भाजल्या हाताची घडी घालून. शिव्या द्यायला समोर माणूस लागतो. हे तर बुजगावणं. मालकांनी त्याला बसायला पोतं दिलं. दोघं थोडं बसले आणि तो गेला.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आमचा एक बैल आणि भामाबाईच्या घरचा एक, अशी सावड केली. भामाबाई आता रोज उपकार ऐकवते.

शेतकीचे साहेब आले, गोरक्षनाथ. पोट पुढं, साहेब मागं. जीपमधून निळं प्लास्टिक उतरवलं. मुंबईच्या एजंटानं नमुन्याला दिलंय. काडी ओढून लावली. आकसलं, काळं झालं, पेटलं नाही. साहेब म्हणाले, "आणि हे बैल खाणार नाही." सगळा अड्डा हसला. मीही हसले. बैल माझा गेलाय, मी नाही हसायचं तर कुणी?

पुढच्या हंगामापासून सगळ्या अड्ड्यांना हेच देणार. केमिस्टला सांगितलंय, चिंचोके बंद, साखर बघ. बरं झालं. माझ्या कोपीला आतून सगळीकडं निळं लावलं. दिसायला देवळासारखं दिसतं.

चांगुणानं झोळी पुन्हा दाराशी आणली. मीच इतके दिवस दाराशी बांध म्हणत होते तेव्हा ऐकलं नाही. आता मी आत बांधली. पोर निळ्यात शोभते.

२० फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी फडात होतो. भामाबाईचा गुडघा सुजलाय म्हणून ती अड्ड्यावर, ठकी तिच्या नजरेखाली आमच्या कोपीत झोपलेली. पाणी तापवायच्या चुलीतलं लाकूड सरकलं आणि निळ्याला टेकलं. जाळ झाला नाही. जाळ झाला असता तर भामाबाईला दिसला असता. नुसतं आतल्या आत करपत राहिलं आणि कोपी धुरानं भरली. ठकी रडली पण नाही. खोकल्याचा आवाज आला म्हणून म्हातारी रांगत आत गेली आणि तिला ओढून काढलं. सलग दुसऱ्या साली.

आम्ही आलो तेव्हा ठकी जागी होती. रडायला तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता.

भामाबाईला मी पाणी दिलं. तिला खोकल्यानं धरता येईना, म्हणून तांब्या मीच धरला. तिनं उपकार ऐकवले नाहीत.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब जीपनं आले. कोपी बघून खूश. "बघा, पेटली का? नाही ना?" म्हटलं, साहेब, पोरीचा आवाज गेलाय. म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, हळद-दूध द्या.

दूध. ऊसतोड्याच्या पोरीला. ह्यांना सायबीण रोज विचारत असेल, आज कुठली साय खाणार.

कोपीत आढ्याला जादाचे चार कोयते टांगले होते, धार लावलेले. त्या दिवसापासून उतरले नव्हते. आज उतरवले तर पात्याला लाल गंज, पावसात पडल्यासारखा. पाऊस कुठला, पाणीही शिंपडलं नाही. दुसऱ्यांच्या कोपीतले कोयते चकचकीत. म्हणजे हा धूर लोखंड खातो. बैल मेला तो मला दिसला तरी. हा धूर पोरीच्या छातीत काय खात होता ते मला कसं दिसणार?

मालकांना कोयता दाखवला. त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं, मग ठकीला मांडीवर घेतलं आणि खिशातली घंटी काढून तिच्यापुढं वाजवली. ती हसली. आवाज न होता.

१२ मार्च, शुक्रवार

काल होळी. ठकीचा आवाज आलाय, फाटक्या सनईसारखा. पण आलाय.

मी कुणाला सांगितलं नाही. गाडीखालची तट्टी ओढून काढली, चिखल खरवडला, एक फाळका तोडला. निळ्या प्लास्टिकचाही तेवढाच. नैवेद्य दाखवून झाला, नारळ टाकले, आणि बाया ओवाळायला पुढं झाल्या तेव्हा दोन्ही तुकडे काठीला बांधून जाळात धरले.

तट्टीचं अर्धं काम झालं. जिथं राड शाबूत होती तिथं फुगली, आणि काढून मोडून बघितलं तर आतला बांबू पिवळाच. जिथं चिखलानं धुपली होती तिथं चिपाडासारखी पेटली. अर्धवट माणसाची अर्धवट भिंत. धूर मात्र साध्या लाकडासारखा.

निळ्यानं सगळी होळी उधळली. असला धूर की बोंबा मारायला उभी राहिलेली माणसं खोकत पळाली. भामाबाई म्हणाली, "मनकर्णे, तुझं डोस्कं फिरलं व्हय गं? सनाचा इस्कोट केलास." पुरणपोळीला तो वास लागला. कुणी खाल्ली नाही. सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. देऊ देत. सगळ्यांच्या नाकात गेला एवढं पुरे.

चांगुणानं मात्र जळकी तट्टी उचलून पुन्हा गाडीखाली ठेवली. दगड आहे, पण रचून ठेवणारा दगड.

२१ मार्च, रविवार

गळीत संपत आलं. शुक्रवारी सकाळी गाड्या गावाकडं निघणार, शनिवारी पाडवा घरी. म्हणून आज केमिस्टला गाठला. कारखान्यात त्याची खोली आहे, काचेच्या नळ्यांची. शिपाई आत सोडेना. म्हटलं, माझा बैल मारलाय ह्यानं, सोडतोस का इथंच बोंब मारू. सोडलं.

खोलीत चिंचोक्याचा कण नाही. फळी धुऊन पुसून ठेवलेली. हात बरे झालेत. मला बघून उभा राहिला.

गंजलेला कोयता आणि होळीतली तट्टी त्याच्या फळीवर ठेवली. कोयता त्यानं उजेडाला धरला आणि बराच वेळ बघितला. त्याला कळलं. ठकी कशी आहे हेच आधी विचारलं. सांगितलं. तो खाली बसला.

म्हणाला, "मी एजंटाचं प्लास्टिक आल्यावर साहेबांना सांगितलं होतं, मावशी. धुराचं सांगितलं होतं. ते म्हणाले, तुझ्या भिंतीनं बैल मारला, तू बोलू नकोस."

"मग?"

"मग काय बोलणार? खरंच मारला. मी पुन्हा त्याला हात लावणार नाही."

असा राग आला. बैल माझा. दावं माझं रिकामं. सहा वर्षांचा होता पाखऱ्या, माझ्या हाताचा घास खायचा. आणि सुतक हा पाळत बसलाय, धुतलेल्या फळीपुढं. म्हटलं, "बैल माझा गेला, आन तोंड तुमी काळं करून बसलाय व्हय? मी न्हाई बसले. मला बसायला सवड न्हाई."

मग एकेक विचारलं. युरियाशिवाय फुगेल का? म्हणाला, कमी फुगेल, दुसरं काहीतरी शोधावं लागेल. कडू करता येईल का, बैल तोंड लावणार नाही असं? लिंबोळीची पेंड घालून बघता येईल. पण कडू केलं तरी उपाशी जनावराचा भरवसा नाही, आत विषच नको. आणि दव? त्यावर कातडं पाहिजे, ते अजून जमलेलं नाही. साल लागेल. कदाचित जमणारही नाही. साहेब परवानगी देणार नाहीत ते वेगळंच.

एवढं शिकून ह्याच्या तोंडात सगळ्यात जास्त शब्द कुठला, तर कदाचित.

म्हटलं, साहेबांचं माझ्यावर सोडा. होळीच्या धुरात सगळा अड्डा खोकलाय. त्यांच्या त्या निळ्याखाली पुढल्या साली एक कोयता, एक तोडणारं जोडपं झोपणार नाही, असं आमच्या टोळीच्या मुकादमाच्या तोंडावर सांगून आले. तुमचं तुम्ही बोला.

तो नळ्यांकडं बघतोय.

"आन करताल तर पयल्यांदा मी चाटून बघंन," म्हटलं. "मग बैल."

"चाटायचं नसतं, मावशी," म्हणाला. तोंडाचा कोपरा हलला थोडा. पण हो म्हणाला नाही. विचार करून कळवतो म्हणाला. पत्र टाकतो म्हणाला.

पत्र. पाथर्डीला. पोस्टमन आमच्या वस्तीवर पावसाळ्यातल्या बेडकासारखा येतो, ऐकू येतो, दिसत नाही. मी कोयता उचलला, तट्टी तिथंच ठेवली, आणि दारात उभं राहून त्याला सांगितलं, शिपायालाही ऐकू जाईल असं:

"पत्र नगं. शुक्रवारी सकाळी गाड्या जुपायच्या आत अड्ड्यावर या आन तोंडानं सांगा. करनार का न्हाई. व्हय म्हना, न्हाईतर न्हाई म्हना, कदाचित म्हनू नगा. ठकी पुढल्या साली बी त्याच जागंवर झोपनार हाय."